यीस्टने शिकविलेला रसायनशास्त्राचा धडा

पावाचे पीठ यीस्टमुळे फुगते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु हेच यीस्ट पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत सेंद्रिय रसायनशास्त्रातील एक सूक्ष्म तत्त्व विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवू शकते, याची कल्पना फार थोड्यांना असेल.

डावा व उजवा हात परस्परांची प्रतिबिंबे असली तरी एकाचा हातमोजा दुसऱ्याला बसत नाही. कार्बनच्या अनेक संयुगांचे रेणूही अशा दोन रूपांत आढळतात. १८४८ मध्ये लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या एका लवणाचे असे दोन प्रकारचे स्फटिक हाताने वेचून वेगळे केले. दोन्ही रूपांचे रेणुसूत्र व द्रवणांक सारखेच असतात. सजीव शरीर मात्र त्यांना निरनिराळे ओळखते. पुदिन्याचा वास व बाळंतशेपांचा वास हे कार्व्होन या एकाच संयुगाच्या दोन रूपांमुळे येतात. औषधांत या भेदाला विशेष महत्त्व आहे. कंपवाताच्या रुग्णास डोपाचे केवळ एकच रूप, लेव्होडोपा, दिले जाते ते यामुळेच.

एक पदार्थ, दोन मार्ग

हा भेद फळ्यावरील आकृतीपुरताच राहू नये, यासाठी वर्गाचे दोन गट करावेत. पहिल्या गटाने एथिल ॲसिटोॲसिटेटचे सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करावे. तयार होणाऱ्या एथिल हायड्रॉक्सिब्युटिरेटमध्ये दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात व ध्रुवित प्रकाशाचे वलन मोजणाऱ्या पोलॅरिमीटरवर शून्य दिसते.

दुसऱ्या गटाने कोमट साखरपाण्यात यीस्ट मिसळावे, फेस येऊ लागताच तोच पदार्थ त्यात घालावा व मिश्रण सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानास दोन-तीन दिवस ठेवावे. नंतर ते गाळून मिठाने संपृक्त करावे आणि एथिल ॲसिटेटने पदार्थ वेगळा काढावा. या वेळी प्रकाश उजवीकडे वळतो. यीस्टमधील विकर, म्हणजे एन्झाइमे, यांच्या खाचेत रेणू एका विशिष्ट बाजूनेच नीट बसतो. म्हणून मुख्यतः ‘एस’ हे एकच रूप तयार होते.

शुद्ध एस रूपाचे क्लोरोफॉर्ममधील विशिष्ट वलन सुमारे ४३.५ अंश असते. विद्यार्थ्यास ३७ अंश मिळाले, तर एस रूपाचे आधिक्य ८५ टक्के ठरते. म्हणजे शंभर रेणूंपैकी सुमारे ९२ ते ९३ एस रूपाचे असतात. उरलेले दुसऱ्या रूपाचे का, हा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो. यीस्टमध्ये अनेक विकर असून त्यांतील काही उलट रूप घडवितात. मूळ पदार्थ थोडाथोडा घातल्यास हा दोष कमी होतो. विद्यार्थी हे स्वतः पडताळून पाहू शकतो. पाठ केलेले उत्तर आणि शोधलेले उत्तर यांतील अंतर त्याला येथेच उमगते.

विकरांच्या अशा क्रियांचे त्रिमितीय स्वरूप उलगडल्याबद्दल जॉन कॉर्नफर्थ यांना १९७५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हैदराबाद येथील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये गाजराच्या तुकड्यांनीही असे क्षपण घडवून दाखविले. यीस्ट, साखर व गाजर कोणत्याही गावच्या बाजारात मिळतात. आवश्यकता आहे ती एका पोलॅरिमीटरची, दोन-तीन दिवसांच्या धीराची आणि विद्यार्थ्यास प्रश्न विचारू देणाऱ्या शिक्षकाची.