चावडीच्या पोटात मेट्रो

'चावडी' हा शब्द मराठी वाचकास नवा नाही. गावचे निवाडे आणि सारावसुली जेथे चालत, ती ही जागा. जुन्या दिल्लीतील 'चावडी बाजार' या नावाचे मूळही याच मराठी शब्दात असल्याचे सांगितले जाते. कागद, तांबे-पितळ व लग्नपत्रिकांच्या घाऊक व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या या पेठेखाली आज मेट्रोचे एक खोल स्थानक आहे.

भूमिगत स्थानक बांधण्याची तुलनेने सोपी रीत म्हणजे रस्ता खणणे, खड्ड्यात बांधकाम करणे व वरून पुन्हा रस्ता घालणे. 1984 साली सुरू झालेल्या कोलकात्याच्या मेट्रोसाठी मुख्यत्वे हीच पद्धत वापरली गेली आणि तेथील रस्ते वर्षानुवर्षे उकरलेले राहिले. चावडी बाजारात ही रीत सरसकट अवलंबणे परवडणारे नव्हते. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना टेकलेली. रस्ता बंद झाला की पेढी बंद! शिवाय पायाखालची जमीन किंचित खचली तरी जुन्या भिंतींना तडे जाण्याचे भय होतेच. म्हणून मार्ग खोलवर नेण्यात आला. जमिनीचा थर पाहून, मातीसाठी व खडकासाठी निरनिराळी बोगदा-यंत्रे वापरण्यात आली. परिणामी, हे स्थानक सुमारे 25 मीटर खोलीवर, म्हणजे साधारणतः आठ मजली इमारतीच्या उंचीइतके खाली आहे. काश्मिरी गेट ते केंद्रीय सचिवालय या टप्प्याबरोबर 3 जुलै 2005 रोजी ते प्रवाशांसाठी खुले झाले.

खोली वाढली की खर्चही वाढतो. सरकते जिने, उद्वाहक, वातानुकूलन, आगीच्या प्रसंगी धूर बाहेर फेकणारे पंखे यांचा भार कायमचा असतो. 1995 साली स्थापन झालेल्या दिल्ली मेट्रो रेल्वे महामंडळात केंद्र व दिल्ली सरकारचे भागभांडवल समसमान आहे. पहिल्या टप्प्याच्या खर्चाचा सुमारे 60 टक्के वाटा मात्र जपानच्या अल्पव्याजी, दीर्घ मुदतीच्या कर्जातून आला. ज्या मालमत्तेचा लाभ अनेक पिढ्यांना मिळावयाचा, तिची परतफेडही दीर्घकाळात विभागली जावी, हे त्यामागील अर्थशास्त्र होय.

मुंबईतही गिरगाव-काळबादेवीच्या दाट वस्तीखालून जाणारी भूमिगत मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाली. पेठ वर नांदती राहावी आणि गाडी खालून धावावी, हा चावडी बाजाराचा धडा तेथेही तितकाच मोलाचा ठरतो.