वॉरंट कोणाच्या नावे, हे नागरिकाने कोठे पाहावे?

सोलापूरहून भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेलेल्या एखाद्या कामगाराची कल्पना करावी. गाव सोडण्यापूर्वी त्याने दुचाकीसाठी कर्ज घेतलेले असते, वित्तसंस्थेने सह्या करून घेतलेले कोरे धनादेश तिच्या कपाटात असतात. काही हप्ते थकतात आणि एक धनादेश न वटता परत येतो. पुढे न्यायालयाचे समन्स त्याच्या जुन्या पत्त्यावर जाते आणि ‘सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परतते. पुढील तारखेस जामीनपात्र वॉरंट निघते, त्याच्या पुढील तारखेस अजामीनपात्र. यांपैकी कशाचाही त्या कामगाराला पत्ता नसतो. काही वर्षांनी आखातात काम मिळण्याची आशा निर्माण होते, तो पासपोर्टसाठी अर्ज करतो आणि पोलीस पडताळणीच्या वेळी आपण कायद्याच्या दृष्टीने ‘हवे असलेले’ इसम आहोत हे त्याला प्रथमच समजते. अर्जदाराविरुद्ध न्यायालयाचे वॉरंट असेल तर पासपोर्ट नाकारण्याची तरतूद १९६७ च्या पासपोर्ट अधिनियमाच्या सहाव्या कलमात आहे.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातील एकही पायरी अपवादात्मक नाही. सर्वोच्च न्यायालयाने धनादेश अनादराच्या खटल्यांबाबत स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात पुढे आलेल्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशात २ कोटी ३१ लाख फौजदारी प्रकरणे प्रलंबित होती आणि त्यांतील ३५ लाख १६ हजार केवळ धनादेशांची होती. आरोपींची हजेरी मिळत नाही हे अशा प्रकरणांच्या तुंबण्याचे एक प्रमुख कारण आहे, आणि हजेरी मिळविण्याचे साधन म्हणजे वॉरंट.

हे साधन कालबाह्य होत नाही, ही गोष्ट सामान्य माणसाला सहसा ठाऊक नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ७२, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ७०, असे सांगते की अटकेचे वॉरंट लेखी असावे, त्यावर पीठासीन अधिकाऱ्याची सही आणि न्यायालयाचा शिक्का असावा, आणि ते बजावले जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या न्यायालयाकडून रद्द होईपर्यंत अंमलात राहावे. मुदतीचा उल्लेख नाही. आरोपी सापडतच नाही असे ठरले की प्रकरण चालू यादीतून निघून ‘डॉर्मंट फाइल’मध्ये जाते. मग ते रोजच्या बोर्डावरही येत नाही. प्रकरण झोपी जाते, वॉरंट मात्र जागे राहते, आणि ते भारतात कोठेही बजावता येते.

आता मूळ प्रश्न. असे वॉरंट आपल्या नावे आहे की नाही, हे नागरिकाला कळण्याचा मार्ग कोणता?

तत्त्वतः हा कारभार गुप्त नाही. न्यायदान उघड्या न्यायालयात झाले पाहिजे हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली, मुंबईहूनच गेलेल्या मिरजकर प्रकरणात, अधोरेखित केले. वॉरंट काढण्याचा आदेश रोजनाम्यात लिहिला जातो आणि आज जिल्हा व तालुका न्यायालयांच्या ‘ई-कोर्ट्स’ सेवेवर तो घरबसल्या वाचता येतो. प्रकरणाचा सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक हाती असेल तर दोन मिनिटांचे काम. प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, पुढील तारीख कोणती, मागील तारखेस काय घडले, हे सारे दिसते. टप्प्याच्या रकान्यात समन्स, जामीनपात्र वॉरंट किंवा अजामीनपात्र वॉरंट असा उल्लेख असतो. पक्षकाराच्या नावाने शोधण्याचीही सोय आहे.

परंतु ज्याला आपल्यावर खटला आहे हेच ठाऊक नाही त्याच्याजवळ क्रमांक कोठून असणार? त्याला नावानेच शोधावे लागते, आणि तेथे राज्य, जिल्हा, न्यायालय-संकुल आणि वर्ष सांगितल्याखेरीज कपाट उघडत नाही. नाव कोणी इंग्रजीत आडनाव आधी लिहून नोंदवले, कोणी वडिलांचे नाव गाळून. एका अक्षराच्या फरकाने ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येते आणि माणूस निर्धास्त होतो. उलट बाजूने, पाटील किंवा शिंदे आडनावाच्या माणसाला आपल्या नामसदृशांची लांबलचक यादी मिळते. वडिलांचे नाव सारखे निघाले तर त्याची झोप उडते ती वेगळीच.

याहून मोठी अडचण कायद्यानेच निर्माण केली आहे. परक्राम्य संलेख अधिनियमात २०१५ साली दुरुस्ती झाली. खात्यामार्फत वटविण्यास टाकलेल्या धनादेशाचा खटला, धनादेश घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे त्या शाखेच्या हद्दीतील न्यायालयात चालतो. वित्तसंस्थेचे खाते मुंबईत असो वा कोलकात्यात, कर्जदाराला तेथे जावे लागते. व्यापाराच्या सोयीसाठी ही दुरुस्ती झाली हे मान्य केले तरी तिचा परिणाम असा की शोध न्यायालयवार आणि खटला सावकाराच्या गावी. भिवंडीच्या कामगाराने देशातील नेमके कोणते संकुल धुंडाळावे?

अर्थशास्त्रात माहितीच्या विषमतेची चर्चा नेहमी बाजारपेठेच्या संदर्भात होते. येथे ती न्यायालयाच्या दारात उभी आहे. न्यायालयांची हीच खुली माहिती एकत्र करून तिचा देशव्यापी शोध विकत देणाऱ्या खासगी कंपन्या आहेत. बँका, वित्तसंस्था आणि मोठे मालक त्यांचे ग्राहक. अर्थात कर्ज देणारा कर्जदाराचा पूर्वेतिहास एका दमात पाहू शकतो आणि कर्जदार स्वतःचा पाहू शकत नाही. जी वस्तू तत्त्वतः फुकट आहे ती मिळविण्याचा खर्च गरिबाला अधिक पडावा, यास खुलेपणा म्हणणे कठीण आहे. न्यायालयाच्या आवारात ‘बघून सांगतो’ म्हणून पैसे घेणारा मध्यस्थ याच फटीतून जन्माला येतो.

पोलीस ठाण्यात जाऊन विचारावे, तर तेथे एक विचित्र पेच आहे. वॉरंट असल्यास विचारणारा तेथेच अडकतो. अटक झालेल्यांची नावे व गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावावे, असे नव्या संहितेचे ३७ वे कलम सांगते. म्हणजे अटकेनंतर नाव फलकावर येण्याची हमी आहे, अटकेपूर्वी ते कळण्याची नाही.

वस्तुतः वॉरंटांची शिस्तबद्ध नोंद असावी हा विचार नवा नाही, आणि तो महाराष्ट्रातील एका प्रकरणातूनच आला. २००२ च्या ऑगस्टमध्ये, रद्द झालेल्या अजामीनपात्र वॉरंटावर मुंबईत एका वकिलाला अटक झाली. उच्च न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून २ हजार रुपये भरपाई देण्यास सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०११ साली त्या न्यायालयाने रक्कम वाढविली नाही, पण देशभरासाठी नियम घालून दिले. वॉरंटाचे नमुने छापील व यंत्राने क्रमांक घातलेले असावेत. प्रत्येक न्यायालयाने वॉरंटांची नोंदवही ठेवावी, तीत नोंद झाल्याखेरीज वॉरंट बाहेर पडू नये आणि नोंदीचा क्रमांक वॉरंटाच्या उजव्या कोपऱ्यात असावा. तशीच नोंदवही पोलीस ठाण्यातही असावी. वॉरंट रद्द झाल्यास तो आदेश नोंदवहीत चढवून ते न बजावता तात्काळ परत मागवावे. ज्या वकिलाला न्यायालयाची वाट ठाऊक होती त्याची ही गत. इतरांची काय असेल ते सांगणे नको.

अशा रीतीने नोंदवह्या दोन झाल्या, पण नागरिकासाठी खिडकी एकही झाली नाही. माहितीच्या अधिकाराने न्यायालयीन कागद मागावेत तर २०२० साली गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशा नकला त्या त्या न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागितल्या पाहिजेत. पोलीस ठाण्याकडे अर्ज केला तर आरोपीला पकडण्यात अडथळा येईल या सबबीवर तो नाकारण्याची मुभा अधिनियमाच्या आठव्या कलमात आहेच.

या अंधाराचा फायदा आता वेगळ्याच लोकांनी उठविला आहे. ‘डिजिटल अटके’च्या नावाखाली भामटे भ्रमणध्वनीवर न्यायालयाचा शिक्का असलेले बनावट वॉरंट पाठवितात आणि निवृत्त, सुशिक्षित माणसांची आयुष्यभराची शिल्लक लुबाडतात. अशा अटकेला भारतीय कायद्यात स्थानच नाही. खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या नावाचे बनावट आदेश वापरले गेल्यावर त्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये याची स्वतःहून दखल घेतली. या फसवणुकीचे सारे श्रेय भीतीला दिले जाते. पण कागद खरा की खोटा हे पाच मिनिटांत पडताळता आले असते तर ती भीती किती टिकली असती? वॉरंटाच्या कोपऱ्यातील क्रमांक आणि न्यायालयाचे नाव दिले की ‘अंमलात’, ‘रद्द’ किंवा ‘असे वॉरंट निघालेले नाही’ एवढेच उत्तर देणारी सोय पुरेशी आहे. नोंदवही बंधनकारक असल्याने तिचा वाढीव खर्चही फारसा नाही.

मग सारी यादीच खुली का करू नये, असे कोणी विचारील. अमेरिकेतील कित्येक कौंटींत शेरीफचे कार्यालय प्रलंबित वॉरंटांची यादी नावानिशी खुली ठेवते आणि ती कोणीही पाहू शकतो. महाराष्ट्रात तसे करणे धोक्याचे ठरेल. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पारध्यांच्या पालावर संशयाची नजर अद्याप जाते. आडनावावरून जात ओळखणाऱ्या समाजात अशी यादी भिंतीवर लावणे म्हणजे दोष सिद्ध होण्यापूर्वीच शिक्षा देणे होय. शिवाय खराखुरा फरारी ती यादी सर्वांत आधी वाचील. गंभीर गुन्ह्यांच्या तपासातील वॉरंट त्यामुळे वेगळे ठेवावे लागेल, हेही मान्य केले पाहिजे. तथापि समन्स न पोहोचल्याने निघालेल्या वॉरंटांना हा युक्तिवाद लागू पडत नाही. त्या माणसाला कळावे आणि त्याने हजर व्हावे, हाच तर त्यांचा हेतू. स्वतःची ओळख पटवून स्वतःच्याच नावाचा राज्यभर, पुढे देशभर शोध घेण्याचा हक्क अशा नागरिकास देण्यात न्यायालयाचाच वेळ वाचेल.

तोवर उपलब्ध मार्ग अवलंबावे लागतात. ज्या जिल्ह्यांत वास्तव्य झाले आणि ज्या शहरांत धनकोचे कार्यालय आहे, तेथील संकुलांत इंग्रजी व मराठी दोन्ही लेखनांनी नाव शोधावे. काही आढळल्यास ठाण्याऐवजी आधी वकिलाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १५१०० हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कारखान्यातील कामगार यांस मोफत साहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या अधिनियमाने दिला आहे. आदेशाने बाधित झालेल्या व्यक्तीला नव्या संहितेच्या ४०४ व्या कलमानुसार फी भरून नक्कल मिळते. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज ते काढणाऱ्या न्यायालयातच करावा लागतो. आणि रद्द झाल्यावर त्या आदेशाची प्रत आरोपीस द्यावी असे २०११ च्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. ती हाती पडल्याशिवाय आवाराबाहेर पडू नये, कारण ठाण्यातील दुसऱ्या नोंदवहीत रद्दबातलीची नोंद केव्हा चढेल याचा भरवसा नसतो.