मजुराला आज काय काम द्यायचं

'सिव्हिलायझेशन' हा संगणकावरचा खेळ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, सुरू केलेल्या डावांपैकी शेवटपर्यंत किती नेले? बहुतेक जण थोडा वेळ गप्प बसतील. इसवी सनपूर्व 4000 मध्ये एक वसाहतकार आणि एक लढवय्या घेऊन सुरुवात होते, तेव्हा उत्साह इतका असतो की झोप विसरायला होते. शहरं वाढत जातात, वीस-पंचवीस होतात. मग एका रात्री लक्षात येतं की गेला अर्धा-पाऊण तास आपण 'या शहरात पुढे काय बांधायचं?' या एकाच प्रश्नाला उत्तरं देत बसलोय. डाव सेव्ह होतो आणि तसाच पडून राहतो.

याचं खापर मायक्रोमॅनेजमेंटवर फोडलं जातं. प्रत्येक मजूर, प्रत्येक शहर, प्रत्येक तुकडी हाताने हलवायची, म्हणून कंटाळा येतो, असं सांगतात. मला हे अर्धंच पटतं. कारण पहिल्या शंभर टर्नमध्ये, म्हणजे पाळ्यांमध्ये, जी मजा येते, तीही याच बारीकसारीक कामांची असते. मजूर तोच, क्लिक तेच. मधल्या काळात कामातला निर्णय निघून जातो आणि क्लिक तेवढं उरतं.

मी अजूनही या मालिकेतला चौथा खेळ खेळतो, 2005 मध्ये आलेला, 2007 च्या 'बियाँड द स्वॉर्ड' या पुरवणीसह. सोरेन जॉन्सन त्याचा मुख्य रचनाकार. त्यात भारत निवडला तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. या खेळात प्रत्येक संस्कृतीला तिची म्हणून एक खास तुकडी मिळते. रोमला प्रेटोरियन, जपानला सामुराई. भारताला मिळतो मजूर. नेहमीचा मजूर एका टर्नमध्ये दोन घरं चालतो, भारताचा तीन. लढाईच्या खेळात एका देशाचं वैशिष्ट्य त्याच्या मजुराचे पाय असावेत, ही कल्पना मला फार आवडते. बारीक कामांत रस कसा टिकतो हे पाहायचं तर या मजुराच्या मागे मागे जावं.

तो तयार करायला 60 हातोडे लागतात. हातोडा म्हणजे शहराची उत्पादनशक्ती. मजूर घडत असताना शहराची वाढ थांबते, कारण उरलेलं अन्नही त्याच्याच घडणीत जातं. सुरुवातीला एकच माणूस असलेल्या राजधानीला यासाठी दहा-पंधरा टर्न लागतात आणि त्या काळात एक टर्न म्हणजे 40 वर्षं. दुसरीकडे भारताला सुरुवातीला खाणकाम आणि गूढविद्या येते, शेती येत नाही. म्हणजे मजूर तयार होईल त्याच सुमाराला शेतीचं तंत्र हाती यायला हवं, नाहीतर तो दारात येऊन रिकामा बसेल. की शेती मागे ठेवून आधी कांस्यविद्या घ्यायची? ती आली की जंगल तोडता येतं आणि प्रत्येक तोडीला 20 हातोडे मिळतात. पुढे गणित शिकलं की तेच 30 होतात. मग आजच जंगल तोडायचं की गणिताची वाट पाहायची? वाट पाहिली तर दुसरं शहर उशिरा वसणार आणि नदीकाठची चांगली जागा शेजारी बळकावणार.

आता ते तीन घरांचं चालणं पाहा. जंगलात शिरायला दोन घरांइतकी चाल लागते. नेहमीचा मजूर शेजारच्या जंगलात शिरला की त्याची चाल संपते, कुऱ्हाड पुढच्या टर्नला उचलायची. भारताच्या मजुराची एक चाल शिल्लक राहते, म्हणून तो शिरतो त्याच टर्नला कामाला लागतो. प्रत्येक तोडीमागे एक टर्न वाचला. पाच-सहा तोडींनंतर त्याची किंमत कळते. शेजाऱ्याच्या आधी आपला वसाहतकार त्या नदीकाठी उभा असतो. एका घराच्या चालीतून नकाशाची सीमारेषा बदलते आणि ती आपण बदलली हे आपल्याला ठाऊक असतं. इथे कंटाळ्याला जागाच नाही.

याहून बारीक काम म्हणजे चाबूक. कांस्यविद्येबरोबर गुलामगिरीची व्यवस्था येते आणि शहरातली माणसं खर्ची घालून बांधकाम लगेच पुरं करता येतं. एका माणसामागे 30 हातोडे. शहरात धान्याचं कोठार असेल तर लोकसंख्या दोनवरून चारवर न्यायला साधारण 25 अन्न पुरतं, एरवी 50 लागलं असतं. म्हणजे 25 अन्न देऊन दोन माणसांचे 60 हातोडे मिळतात. त्यातही खुबी आहे. बांधकामाला 30 हातोडे कमी असताना चाबूक उगारला तर एक माणूस जातो. 31 कमी असताना उगारला तर दोन जातात, पण 29 हातोडे उरतात आणि ते पुढच्या बांधकामाला मिळतात. या एका हातोड्याच्या फरकावर अनुभवी खेळाडू शहराचं पान उघडून बसतात. एक नागरिक खाणीतून काढून शेतावर बसवतात, एक टर्न थांबतात, मग बटण दाबतात. नंतर दहा टर्न शहरात असंतोष असतो, त्याचाही हिशेब आधीच करावा लागतो.

हे लिहिताना मला अवघडल्यासारखं होतं. गुलामगिरी इथे एक बटण आहे आणि ते दाबल्यावर माणसांचा आकडा कमी होतो, एवढंच दिसतं. खेळाच्या रचनेतली ही सर्वांत चतुर यंत्रणा आणि हीच सर्वांत निर्दय. भारताचे नेते म्हणून गांधींना निवडून खेळताना तर ती जास्तच खुपते. मी अनेकदा चाबकाशिवाय खेळतो. डाव संथ होतो, जंगलाची प्रत्येक तोड अधिक मोलाची होते आणि मजुराकडे आणखी बारकाईने पाहावं लागतं.

आता त्याच डावात 1850 साली या. शहरं बावीस, मजूर अठरा. रेल्वेचा शोध लागला आहे. ज्या खाणीवर रूळ टाकाल तिथून एक हातोडा जास्त मिळतो, तेव्हा सगळ्या खाणींवर रूळ हवेत. अठरा जणांना एकेक करून जागं करायचं, खाणीवर न्यायचं, बटण दाबायचं. इथे निवड कसली? रूळ टाकायचे की नाही हा प्रश्नच नाही, आधी कुठे टाकायचे यानेही फारसं काही बिघडत नाही. बाविसातल्या एकोणिसाव्या शहरात आधी बाजार बांधला की वाचनालय, याने डावाचा निकाल हलत नाही. संख्या वाढली की प्रत्येक निर्णयाचं वजन घटतं, आणि मेहनत मात्र वाढतच जाते. बहुतेक डावांत या वेळेपर्यंत कोण जिंकणार हेही दिसू लागलेलं असतं. उरलेले दीडशे टर्न म्हणजे निकाल लागलेल्या खटल्याचे कागद पुरे करणं.

सिड मायर याने 1991 मध्ये ब्रूस शेली याच्यासोबत पहिला 'सिव्हिलायझेशन' केला, तेव्हा त्याचा पहिला खर्डा घड्याळाबरोबर आपोआप चालणारा होता. खेळाडू त्यात नुसता बघ्या होतो हे लक्षात आल्यावर त्याने टर्नची पद्धत आणली. चांगला खेळ म्हणजे एकामागून एक येणारे रंजक निर्णय, ही त्याची व्याख्या या क्षेत्रात सतत सांगितली जाते. सोरेन जॉन्सनने तिला जोडून एक सावधगिरीची गोष्ट सांगितली आहे: संधी मिळाली तर खेळाडू फायद्याच्या मागे लागून खेळातली मजाच काढून टाकतो. एका हातोड्याने फायदा होणार असेल तर तो दर टर्नला बाविसाच्या बावीस शहरांची पानं उघडेल आणि मग खेळ कंटाळवाणा आहे म्हणेल.

जॉन्सनने चौथ्या खेळात अशी काही प्रलोभनं रचनेतूनच काढली. 2001 च्या तिसऱ्या खेळात बांधकाम पुरं होताना जास्तीचे हातोडे वाया जायचे. त्यामुळे दर टर्नला नागरिक इकडून तिकडे हलवत बसणं फायद्याचं होतं आणि अत्यंत कंटाळवाणंही. चौथ्यात ते हातोडे पुढच्या बांधकामात जातात. एका नियमाने शेकडो निरर्थक क्लिक संपले. रचनाकाराचं असं काम खेळताना दिसत नाही, पण मला ते नवी तुकडी किंवा नवं आश्चर्य घालण्याइतकंच मोठं वाटतं.

मग सगळीच बारीक कामं काढून टाकावीत का? 2003 मध्ये आलेल्या 'मास्टर ऑफ ओरायन 3' ने तसा प्रयत्न केला. प्रत्येक ग्रहावर संगणकाचा व्हाइसरॉय बसवला, खेळाडूने फक्त धोरण ठरवायचं. कागदावर हे उत्तम होतं. खेळणाऱ्यांना मात्र खेळ आपल्याशिवायच चालतो असं वाटलं. आदेश आणि परिणाम यांच्यात इतके कारभारी आले की आपल्या कोणत्या निर्णयाने काय झालं हेच कळेना. ज्याच्या हाताला माती लागत नाही त्याला पीक आपलं वाटत नाही.

'सिव्हिलायझेशन' पुढे वेगळ्या वाटेने गेलं. 2016 च्या सहाव्या खेळात मजूर तीन कामं करून नाहीसा होतो, काम लगेच पुरं होतं आणि रस्ते व्यापारी बांधतात. तीनच कामं असल्यामुळे प्रत्येक काम जपून द्यावं लागतं. 2025 च्या सातव्यात मजूरच गेला. शहर वाढलं की नवी जमीन आपण निवडायची, तिच्यावरची सुधारणा आपोआप होते. छोट्या गावांना बांधकामांची यादी द्यावी लागत नाही, त्यांचं उत्पादन सोन्यात बदलतं. हे सगळं विचारपूर्वक केलेलं आहे आणि नव्या खेळाडूला त्याचा उपयोग होईलच. तरी मला मजुराची उणीव भासते. जंगलाच्या कडेला उभा असलेला तो माणूस हा माझ्या मनाचा त्या नकाशावरचा ठिकाणा होता.

म्हणून मी चौथाच खेळत राहतो आणि लक्ष कुठे द्यायचं ते स्वतः ठरवतो. नकाशा लहान घेतो. शहरं सात-आठ झाली की हात आखडता घेतो. या खेळात प्रत्येक नव्या शहराबरोबर सगळ्यांचा देखभालखर्च वाढतो, त्यामुळे थांबण्यात नुकसानही फारसं नसतं. सुरुवातीचे दोन-तीन मजूर हातानेच चालवतो, अगदी घर मोजून. नंतरचे खेळाच्या हवाली करतो. पण त्याआधी पर्यायांच्या पानावर दोन खुणा करून ठेवतो: आधीच्या सुधारणा मोडायच्या नाहीत, जंगलं तोडायची नाहीत. त्या केल्या नाहीत तर आपोआप चालणारा मजूर एखादं सत्तर टर्न जोपासलेलं नगर मोडून तिथे दुसरंच काहीतरी उभारेल. झोपडीवजा वस्तीचं पाडा, खेडं असं होत होत नगर व्हायला 10, 20 आणि 40 टर्न लागतात, तेही तिथे रोज कुणी राबत असेल तर.

शहरांचंही तसंच. महत्त्वाच्या तीन शहरांची पानं मी स्वतः उघडतो. बाकीच्यांना बांधकामांची लांबलचक रांग लावून देतो, किंवा एकावेळी अनेक शहरं निवडून सगळ्यांना एकच काम देतो. त्यात थोडं नुकसान होतं. सर्वांत अवघड पातळीवर ते परवडणार नाही, हे मान्य. या खेळाच्या नऊ पातळ्या आहेत आणि वरच्या पातळ्यांवर प्रत्येक हातोडा मोजावाच लागतो. पण ज्याला डाव पुरा करण्याची इच्छा आहे त्याने एखादी पातळी खाली उतरून शेवटापर्यंत जागं राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय जिंकायची रीत अशी निवडतो की उत्तरार्धातही निर्णय उरावेत. अर्धं जग जिंकायला निघालं की तुकड्या हलवण्यातच टर्न सरतात. सांस्कृतिक विजयाला तीन शहरांत प्रत्येकी 50,000 संस्कृतीगुण लागतात. गांधी यासाठी उत्तम. त्यांच्या राज्यात थोर माणसं दुप्पट वेगाने घडतात, मंदिरं निम्म्या वेळात बांधून होतात आणि राज्यपद्धती बदलताना अराजक माजत नाही. यात तिसरं शहर नेहमीच मागे राहतं. एक थोर कलावंत आपली महान कृती अर्पण करतो तेव्हा शहराला एका झटक्यात 4,000 गुण मिळतात. कलावंत हाताशी आला की प्रश्न पडतो, त्याला त्या मागे पडलेल्या शहरात आताच पाठवायचं, की शेवटी कुठे किती कमी पडतंय ते पाहून मग? आता पाठवलं तर शहराच्या सीमा लवकर पसरतात आणि शेजाऱ्याच्या वस्त्या डगमगू लागतात. थांबलो तर गुण वाया जात नाहीत. मी सहसा थांबतो. फक्त तिसरं शहर सीमेवर असेल आणि पलीकडे चढाईखोर अ‍ॅझ्टेक राजा माँटेझुमा असेल, तर कलावंत आधी आणि त्याच्या मागोमाग तटबंदी, हा क्रम मी मोडत नाही.