पाण्यालगतचं दार

सँटोरिनीवर लिहा म्हणताना संपादकांच्या डोळ्यांपुढे पांढरी घरं आणि निळे घुमट होते. ते सगळं तिथे आहे आणि त्याचे फोटो वाचकांनी भरपूर पाहिले आहेत. मला कुतूहल होतं ते माणसं त्या घरांपर्यंत पोचतात कशी याचं. कारण हे ग्रीक बेट मोठ्या क्रूझ जहाजाला धक्क्याला लागूच देत नाही.

साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत शिरला. जहाज उभं राहतं ते या बुडालेल्या विवरात. कडे सरळ पाण्यात उतरलेले, आणि तळ काही ठिकाणी साडेतीनशे मीटरहूनही खोल. तिथे नांगर टाकून भागत नाही. बरीच जहाजं आपल्या यंत्रांच्या जोरावरच जागा धरून राहतात आणि प्रवाशांना न्यायला बेटावरच्या नावाड्यांच्या लाँच येतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं आहे. दुसऱ्या अनेक बंदरांत जहाज स्वतःच्याच बोटी खाली सोडतं. त्या बोटी म्हणजे बहुधा बाजूला टांगलेल्या जीवरक्षक नौकाच असतात. संकटात ज्या बोटीत बसायचं, तिच्यातूनच लोक आइस्क्रीम खायला किनाऱ्यावर जातात. खलाशांचाही त्यात फायदा, बोट उतरवायचा आणि चालवायचा त्यांचा सराव कायम राहतो.

मी रेंगाळले ते जहाजाच्या पोटातल्या एका दाराशी. पाण्याच्या पातळीपासून जेमतेम वर उघडणारं हे जाड पोलादी दार, त्याच्या तोंडाशी छोटा फलाट, आणि फलाटापुढे खालीवर होणारी लाँच. जहाज जवळपास स्थिर असतं, लाँच नसते. लाट आली की ती फलाटाच्या वर जाते, ओसरली की खाली बसते आणि मधली फट रुंदावते. गेटवेला मांडव्याच्या लाँचमध्ये पाय टाकताना जो क्षणभर जीव वर येतो, तेच इथे, फक्त हजारो लोकांच्या बाबतीत, एकापाठोपाठ एक.

दोन माणसांनी ती फट सांभाळलेली असते. एक लाँचचा नावाडी. तो इंजिन बंद करत नाही, सुकाणू जहाजाकडे वळवून लाँच सतत त्याच्या अंगाला दाबून धरतो. दुसरा फलाटावरचा खलाशी. आमच्या जहाजावर तो गोव्याचा होता. गोव्यातल्या कितीतरी घरांतून पिढ्यांपासून माणसं जहाजावर गेली आहेत, तो त्यांतलाच एक. माझ्यापुढे नाशिकच्या एक बाई होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. त्यांनी हात पुढे केला तर हा म्हणाला, "काकू, हात नको, मनगट धरा. मी म्हणेन तेव्हाच पाऊल." ओला तळवा निसटतो, दोघांनी एकमेकांचं मनगट धरलं, की एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. त्याने बाईंकडे पाहिलंच नाही. त्याची नजर लाटेवर होती. "थांबा... थांबा... आता." लाँच चढून फलाटाच्या बरोबरीला आली आणि क्षणभर अडखळली. नेमका तो क्षण त्याने बाईंना दिला. त्या पलीकडे पोचल्या तेव्हा त्याचं मनगट पुढच्या माणसासाठी रिकामं झालं होतं. मोठा कारागीर म्हणावा तो असा.

मात्र खरी अडचण किनाऱ्यावर आहे. जहाजाची सहल घेतलेल्यांना बहुधा अथिनिओस बंदरात नेतात, तिथून वर बस जाते. बाकीचे उतरतात फिरा गावाखालच्या जुन्या बंदरात. गाव दोनशेहून अधिक मीटर उंच. वर जायला जवळपास सहाशे पायऱ्या, खेचरं किंवा केबलकार. ही केबलकार नोमिकोस कुटुंबाच्या न्यासाने बेटाला दिली आणि तिच्या उत्पन्नातला वाटा खेचरवाल्यांना मिळतो. योजना सुरेख आहे, पण एका फेरीत मावतात छत्तीस माणसं, तासाला फार तर बाराशे. तीन हजारांचं एक जहाज वर न्यायला अडीच तास, आणि उन्हाळ्यात एकाच दिवशी अशी अनेक जहाजं. शेवटी दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा ठरवावी लागली. 2025 पासून ऐन हंगामात माणशी 20 युरो करही आहे. मला दोन्ही योग्य वाटतात. परतीच्या रांगेत शेवटची लाँच चुकेल या धास्तीने उन्हात उभी असलेली म्हातारी माणसं पाहिली, की घुमट डोक्यातून जातात.

त्यात वारा. उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्टेमी सुटला की कप्तान जहाज वळवून लाँचसाठी आडोसा करतो. तेही जमेना, तर बंदरच रद्द. प्रवासी चिडतात. पण याच विवरात 5 एप्रिल 2007 रोजी 'सी डायमंड' हे जहाज खडकावर आदळलं आणि दुसऱ्या दिवशी बुडालं. दीड हजारांहून अधिक माणसं त्यावर होती. बेटावरच्या बोटी मदतीला धावल्या, तरी दोन फ्रेंच प्रवासी सापडले नाहीत. ते जहाज अजून तिथेच पाण्याखाली आहे.

आईवडिलांना क्रूझवर नेणार असाल, तर बुकिंग करतानाच विचारा: कोणत्या बंदरात जहाज धक्क्याला लागतं आणि कुठे लाँचने उतरावं लागतं? चाकाची खुर्ची अशा ठिकाणी अनेकदा नेऊ देत नाहीत, हेही आधीच विचारून घ्या. परतीला शेवटच्या लाँचच्या निदान दोन तास आधी केबलकारच्या रांगेत लागा. आणि फलाटावरचा खलाशी "थांबा" म्हणाला, तर थांबा.