भंडारदरा परिसरातील लाव्हांचे वय

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याभोवती एकावर एक साचलेले बेसाल्टी लाव्हांचे थर व त्यांच्या कालनिर्णयासंबंधीचे अलीकडील संशोधन. प्रवरा नदीवरील १९२६ मध्ये पूर्ण झालेले धरण ज्या काळ्या खडकाच्या प्रदेशात आहे, त्याच खडकाचे कळसूबाई (१,६४६ मी.) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर बनलेले आहे. हे थर सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापणाऱ्या दक्षिण ट्रॅपचे भाग होत. थराचा कठीण भाग कड्यासारखा उभा राहतो, सच्छिद्र भाग झिजून उतार होतो व डोंगराला पायऱ्यांचा आकार येतो; ‘ट्रॅप’ हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे.

रासायनिक संघटनावरून १९८०–९० या दशकात सह्याद्रीतील लाव्हांचे खालून वर कळसूबाई, लोणावळा व वाई असे तीन उपसंघ करण्यात आले. थर दक्षिणेकडे किंचित कललेले असल्याने भंडारदऱ्याकडून महाबळेश्वरकडे जाताना अधिकाधिक नवे थर आढळतात. उंचीवरून वय ठरत नाही, ते यामुळेच. कळसूबाई महाबळेश्वरपेक्षा उंच आहे, पण तिचे खडक अधिक जुने आहेत. कळसूबाई उपसंघातील काही थरांत प्लॅजिओक्लेज खनिजाचे कित्येक सेंमी. लांबीचे स्फटिक असतात व ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत असल्याने क्षेत्रीय पाहणीत खुणेच्या थरांसारखे उपयोगी पडतात.

या थरांच्या वयाला जागतिक महत्त्व आले ते डायनोसॉरांच्या विलोपनामुळे. क्रिटेशस कल्पाच्या अखेरीच्या थरात इरिडियम धातूचे असाधारण प्रमाण आढळल्यावरून लुईस व वॉल्टर ॲल्व्हारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अशनी-आघाताची कल्पना मांडली. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथील विवर १९९१ मध्ये या आघाताचे म्हणून ओळखले गेले. दरम्यान १९८६ मध्ये फ्रेंच भूभौतिकीविज्ञ व्हिन्सेंट कूर्तियो व सहकाऱ्यांनी लाव्हांच्या चुंबकीय अभ्यासावरून दक्षिण ट्रॅपचे उद्रेकही त्याच सुमारास व अल्पावधीत झाल्याचे दाखविले. मग विलोपनास कारण कोणते? याचे उत्तर काही हजार वर्षांच्या अचूकतेने वय काढता येण्यावर अवलंबून होते.

त्यासाठी दोन घड्याळे वापरली जातात. पोटॅशियम (४०) या किरणोत्सर्गी अणूपासून आर्‌गॉन वायू बनतो. प्लॅजिओक्लेजात साठलेल्या आर्‌गॉनवरून लाव्हा थिजल्याचा काळ थेट मिळतो, मात्र त्यात पोटॅशियम थोडे असल्याने अनिश्चितता मोठी राहते. युरेनियमाचे शिशात रूपांतर होण्यावर आधारलेली पद्धती अधिक काटेकोर आहे. तिला झिर्कॉनचे स्फटिक लागतात व बेसाल्टात ते क्वचितच असतात. दोन उद्रेकांमधील विश्रांतीच्या काळात तयार झालेल्या तांबड्या मातीच्या थरांत ज्वालामुखी राखेबरोबर येऊन पडलेले झिर्कॉन सापडले आणि ही अडचण दूर झाली. तथापि स्फटिक राखेच्या उद्रेकापूर्वीच बनलेला असू शकतो, हा आक्षेप उरतोच.

झिर्कॉनवरून २०१५ मध्ये असे अनुमान निघाले की, मुख्य उद्रेक विलोपनापूर्वी सु. अडीच लाख वर्षे सुरू होऊन सु. साडेसात लाख वर्षे चालले. दोन्ही पद्धतींचे अधिक तपशीलवार निष्कर्ष २०१९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाला झिर्कॉनवरून उद्रेकाचे चार मोठे आवेग दिसले व त्यांपैकी एक आघातापूर्वी काही दशसहस्र वर्षे सुरू झाला होता. बर्कली येथील गटाच्या आर्‌गॉन-मापनानुसार असे सुटे आवेग नव्हते आणि सु. ७५ टक्के लाव्हा विलोपनानंतर बाहेर पडली. विलोपनाची सीमा नेमक्या कोणत्या थरापाशी येते, याविषयी मतभेद आहे. पण वादातील थर लोणावळा उपसंघाच्या माथ्यापासून वरचे, म्हणजे मुख्यत्वे वाई उपसंघातील आहेत. कळसूबाई उपसंघ सीमेच्या खालीच राहतो. भंडारदऱ्याच्या लाव्हा वाहिल्या त्या वेळी, सु. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या काळात, पृथ्वीवर डायनोसॉर होते हे दोन्ही गटांच्या मापनांतून निघते.

लाव्हांचे आकारमान व वायूंचे उत्सर्जन यांचा मेळ मात्र बसेलच असे नाही. शिलारसातील कार्बन डाय-ऑक्साइड लाव्हा पृष्ठावर येण्याआधीही निसटू शकतो. सागरी गाळाच्या नोंदींनुसार विलोपनापूर्वीच्या सु. तीन लाख वर्षांत हवामान काही अंशांनी तापले, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ही तापमानवाढ आघातापूर्वीच ओसरली होती. तिचा काळ कळसूबाई उपसंघातील लाव्हांच्या काळाशी जुळतो.