कुंडीतील पाम आणि त्याची माती

शहरांतील घरे, कचेऱ्या व दवाखाने यांमधून शोभेकरिता जी झाडे ठेवली जातात, त्यांत अरेका पामला सतत मागणी असते. पुणे जिल्ह्यात उरळी कांचनच्या परिसरात व राज्यात अन्यत्रही कित्येक शेतकरी आपल्या रोपवाटिकेत हे झाड वाढवितात. नावात अरेका असले तरी कोकणातील सुपारीहून ते निराळे आहे. त्याचे मूलस्थान मादागास्कर बेट होय. मोठ्या कुंडीत विकण्याजोगे होईपर्यंत त्यावर काही वर्षे पाणी, सावली व मजुरी खर्च होते. कुंडी बदलताना अयोग्य माती भरली गेल्यास ही मेहनत एका पावसाळ्यात वाया जाते.

ही चूक बहुधा चांगल्या हेतूनेच होते. ज्या काळ्या मातीत ऊस व ज्वारी जोमाने येते, तीच मळ्यातून उचलून कुंडीत घातली जाते. शेतात जास्तीचे पाणी खोलवर मुरून जाऊ शकते. कुंडीत वीतभर खोलीवर तळ लागतो. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातील हवा निघून जाते व मुळे कुजतात. वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी कडेच्या फटीतून खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. मालकाला मात्र भरपूर पाणी दिल्याचे समाधान असते!

यासाठी तांबडी माती किंवा पोयटा दोन भाग, नारळाच्या काथ्याचा भुसा दोन भाग, जाड वाळू एक भाग व पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग असे मिश्रण घमेल्याने मोजून करावे. काथ्याच्या भुशात क्षार असतात, म्हणून तो दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावा. समुद्रकाठची वाळू घेऊ नये. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या कुंडीत येतात. तयार मिश्रण ओलसर करून मुठीत दाबावे. गोळा बोटाच्या टोकराने फुटला पाहिजे. न फुटल्यास वाळू वाढवावी.

कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर देण्याचा प्रघात आहे. तो सोडणेच बरे. बारीक मातीतील पाणी खालच्या खडीत सहजासहजी उतरत नाही. माती पुरती भिजून निथळू लागेपर्यंत ते वरच अडकते. परिणामी मुळांना जागा कमी मिळते व ओल वर सरकते. भोकावर एक खापरी पालथी ठेवली तरी पुरे.

मुळे भोकातून बाहेर येऊ लागली, किंवा घातलेले पाणी न थांबता खाली गळू लागले, म्हणजे कुंडी बदलण्याची वेळ झाली असे समजावे. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाल्यावर हे काम करावे. कडक थंडीत करू नये. आदल्या दिवशी झाडाला पाणी द्यावे. खोड धरून ओढू नये. प्लास्टिकची पिशवी असल्यास ती कापून काढावी. नवी कुंडी जुनीपेक्षा सुमारे पाच सेंटिमीटरच रुंद असावी, कारण फार मोठ्या कुंडीतील माती दीर्घकाळ ओलीच राहते. झाड पूर्वीच्याच खोलीवर बसवावे. खोडाचे बूड मातीत गाडले गेल्यास ते कुजते.

एका कुंडीत बहुधा अनेक रोपे एकत्र लावलेली असतात. त्यामुळे फोड करून एकाची दोन झाडे करण्याचा मोह होतो. ताडवर्गातील झाडांना सोटमूळ नसते. खोडाच्या बुडापासून दोरीसारखी मुळे फुटतात, आणि फोड करताना ती तुटतात. शिवाय प्रत्येक खोडाला वाढीचा शेंडा एकच असतो. तो मेला की ते खोड संपले. ही गोष्ट रोपवाटिकाधारकांस आवर्जून दाखवावी.

कुंडी बदलल्यावर झाड दोन आठवडे दाट सावलीत ठेवावे व महिनाभर रासायनिक खत देऊ नये. खालचे एखादे पान पिवळे पडले तर घाबरण्याचे कारण नाही. पानांची टोके तपकिरी होऊ लागली, तर मात्र विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याचा संशय घ्यावा व शक्य तेव्हा साठविलेले पावसाचे पाणी द्यावे.