चंदेरीच्या आड येणारी हवा

मे महिन्यात बदलापूर परिसरातून दिसणारा चंदेरीचा डोंगर धुरकट, जवळजवळ तपकिरी असतो. जुलैत तो अर्धाअधिक ढगात जातो. मग एखादी जोरदार सर पडून थांबते, हवेतली धूळ बसते आणि बदलापूरच्या शिरगावातल्या गच्चीवरून त्याच्या घळी मोजाव्यात इतका तो जवळ भासतो. डोंगर तिथेच, मधली हवा तेवढी बदललेली. निसर्गचित्रातला भाव बहुतेक वेळा या हवेतच असतो.

हवेतले सूक्ष्म कण आणि बाष्प प्रकाश विखुरतात. त्यामुळे दूरच्या डोंगरातल्या गडद जागा फिकट, निळसर होतात आणि कडा विरतात. पावसाळी उदासी हवी असेल तर चित्रकार सगळ्या छटा एकमेकींच्या जवळ ठेवतो. पांढराशुभ्र नाही, काळाकुट्टही नाही. जलरंगात कागद आधी ओला करून घेतात. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला राखाडी त्यावर सोडला की ढगाची कड पाणीच काढतं. ओल किती उरली, हे कागदाच्या चकाकीवरून ओळखायचं. चकाकी असताना रंग मोकाट पसरतो. ती मावळू लागली की पसरतो, पण आकार धरतो. त्या घडीला ब्रशमधून जास्तीचं पाणी सांडलं, तर दातेरी काठाचा डाग पडतो. दमट जुलैत कागद वाळता वाळत नाही, म्हणून ‘ऑन द स्पॉट’ काम करणाऱ्याला थांबायची सवय लागते.

उघडिपीचं चित्र याच्या उलट. उजेडासाठी कागद कोराच राखायचा, सावल्या एका हातात आणि स्वच्छ कडांनी लावायच्या.

इंग्रज चित्रकार टर्नरने १८४४ मध्ये प्रदर्शित केलेल्या ‘रेन, स्टीम अँड स्पीड’मध्ये पावसातून धावणारी आगगाडी रंगवली. तिचं इंजिन तेवढं ओळखू येतं, बाकी पाऊस आणि वाफ. तशी आगगाडी कल्याणच्या पुढे बदलापूरच्या दिशेने आली ती १८५६ मध्ये. आजही भर पावसात कर्जत लोकल जाताना हेच दृश्य दिसतं. आपल्याकडे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी लांबच्या रम्य स्थळांपेक्षा गावातल्याच कोटितीर्थ आणि रंकाळा तलावांचा परिसर रंगवला. रोजची जागा चित्राला पुरते, याचा याहून चांगला दाखला नाही.

शिरगावात आता इमारती डोंगराच्या आड येतात. पुष्कळजण त्या चित्रातून गाळतात, आणि तिथेच चित्र कॅलेंडरचं होतं. इमारतीच्या सरळ, कडक उभ्या रेषेशेजारीच डोंगराची विरलेली कड अधिक मऊ दिसते. ओल्या सिमेंटचा करडा रंगही ढगाच्याच मिश्रणातून निघतो. फक्त पाणी कमी घ्यावं लागतं.